मरण विसरलेली पेशी

सुरगाण्यात आमच्या खाला शिवणकाम करतात. नाशिक जिल्ह्याच्या अगदी कडेला, गुजरातच्या हद्दीला टेकलेला हा तालुका. डोंगर, भाताची खाचरे, उतारावर नागली-वरई आणि पावसाळ्यात दिवसचे दिवस न उघडणारे आभाळ. गावात मुसलमानांची घरे मोजकीच. खालांचे गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक कोकणा आणि वारली बायका; लग्नसराईत ब्लाऊज, एरवी फॉल-पिको. खालूंच्या इंतकालानंतर या एका मशीनवर त्यांनी तीन मुले वाढवली.

दोन वर्षांपूर्वी, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, त्यांना गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर निघाला. ‘निघाला’ असे आपण म्हणतो, पण रोग काही त्या दिवशी आलेला नव्हता. पाळी जाऊन दहा वर्षे उलटल्यावर अंगावरून पुन्हा लाल जाऊ लागले होते. ते त्यांनी चौदा महिने कोणाला सांगितले नाही. मध्ये एकदा एका दवाखान्यात जाऊन आल्या. तिथे तपासणी न करताच अशक्तपणाच्या गोळ्या दिल्या गेल्या आणि खालांना तेच बरे वाटले, कारण तपासणी टळली. आणि मी? मी नाशिकला कनिष्ठ महाविद्यालयात मुलांना जीवशास्त्र शिकवते. पेशीविभाजनाचे धडे पाठ आहेत माझे. त्या चौदा महिन्यांत दोनदा ईदला सुरगाण्याला जाऊन आले, शीरखुर्मा खाल्ला, कपडे शिवून आणले. खालांचा चेहरा पिवळा पडलाय हे दिसले होते. विचारले नाही.

उपचारांसाठी खाला माझ्याकडे राहिल्या. पाच आठवडे रेडिएशन, त्यातच आठवड्याला एक केमो, शेवटी आतून द्यायचे रेडिएशन. एके रात्री इशाच्या नमाजनंतर त्या पलंगावर बसून मला म्हणाल्या (घरात आम्ही उर्दूमिश्रित हिंदी बोलतो, इथे मराठीत लिहिते), “बेटा, डॉक्टर म्हणतात एक पेशी बिघडली आणि वाढत गेली. माझे डोळे म्हातारे झाले, गुडघे म्हातारे झाले, केस पांढरे झाले. याच शरीरातली ती. मग ती एकटी म्हातारी कशी होत नाही? तिला मरण का नाही?”

माझ्या वर्गात पंधरा वर्षांत एकाही मुलाने इतका नेमका प्रश्न विचारलेला नाही. हा प्रश्न शास्त्रज्ञांनीही विचारला आणि त्याचे उत्तर शोधणाऱ्या तिघांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पण खालांना उत्तर द्यायला मी पुस्तकातले शब्द काढले आणि अडखळले. मग समोर त्यांची ओढणी दिसली.

ओढणीचा काठ नुसता कापून सोडला तर दशा सुटतात, म्हणून पिको करतात. आपल्या प्रत्येक पेशीत ४६ गुणसूत्रे असतात. ती डीएनएच्या लांबच लांब धाग्यांची बनलेली. ४६ धागे म्हणजे ९२ टोके. ही टोके उघडी राहिली तर पेशीला वाटते धागा तुटला आणि ती दोन टोके एकमेकांना जोडून टाकायला धावते. दोन वेगळी कापडे चुकून एकत्र शिवली जावीत तसा घोळ. मक्याच्या पेशींमध्ये बार्बरा मॅक्लिन्टॉक यांनी आणि फळमाशीत हर्मन मुलर यांनी हे फार पूर्वीच पाहिले होते. तुटलेली टोके एकमेकांना चिकटतात, मूळची टोके चिकटत नाहीत. म्हणजे मूळच्या टोकांना काहीतरी पिको केलेला आहे. मुलर यांनी १९३८ साली त्याला नाव दिले टेलोमिअर; ग्रीक भाषेत अर्थ साधा आहे, टोकाचा भाग.

हा पिको कशाचा? माणसात डीएनएची सहा अक्षरे, टीटीएजीजीजी, पुन्हा पुन्हा, शेकडो-हजारो वेळा. त्यात कोणत्याही प्रथिनाची कृती लिहिलेली नाही. जन्माच्या वेळी ही पट्टी साधारण १० ते १५ हजार अक्षरे लांब असते. आणि त्यावर सहा प्रथिनांचे एक आवरण बसलेले असते, टोक झाकून ठेवणारे.

इथपर्यंत खालांना पटले. पुढचे त्यांनीच सोपे केले. पेशी दोन होताना डीएनएची नक्कल होते, पण नक्कल करणाऱ्या यंत्रणेला अगदी काठापासून सुरुवात करता येत नाही. तिला आधी थोडी जागा टेकायला लागते, आणि ती जागा नकलेत सुटते. खाला लगेच म्हणाल्या, “मशीनचंही तेच. काठाच्या पहिल्या धाग्यापासून टीप कधी पडते? कापड आधी सुईखाली सरकवावं लागतं. दोन-चार धागे सुटतातच.” ऑलोव्हनिकोव्ह नावाच्या रशियन शास्त्रज्ञाला हेच मॉस्कोच्या मेट्रो स्टेशनवर गाडी पाहून सुचले होते. रूळ म्हणजे डीएनए, गाडी म्हणजे नक्कल करणारे यंत्र. गाडीच्या खाली आलेला पहिला तुकडा तिला वाचताच येत नाही. सुरगाण्यात शिवणयंत्रावरून सुचायला हरकत नव्हती, एवढेच मला वाटून गेले.

दर विभाजनाला सुमारे ५० ते २०० अक्षरे कमी होतात. म्हणून साधी मानवी पेशी काचेच्या भांड्यात वाढवली तर ती कायम वाढत राहत नाही. लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी १९६१ साली दाखवून दिले की जवळपास पन्नास वेळा दुभंगल्यावर ती थांबते. मरत नाही लगेच, थांबते. पिको इतका झिजलेला असतो की पेशीच्या आतले पहारेकरी धोक्याची घंटा वाजवतात आणि विभाजनाला कुलूप लागते.

“मग बाळाचा पिको लांब कसा?” हा खालांचा दुसरा प्रश्न. आई-बापाच्या झिजलेल्या पेशींमधून बाळ आले तर त्याचाही पिको झिजलेलाच हवा. या प्रश्नाचे उत्तर मिळाले ते डबक्यात राहणाऱ्या एका एकपेशीय जिवातून. टेट्राहायमिना त्याचे नाव. त्याच्या पेशीत हजारो छोटी गुणसूत्रे असतात, म्हणजे टोकेच टोके. म्हणून एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांनी तो निवडला. जोसेफ गॉल यांच्या प्रयोगशाळेत काम करताना १९७८ साली त्यांनी त्याच्या टोकावरची पुनरावृत्ती वाचून काढली. पुढे त्यांची विद्यार्थिनी कॅरोल ग्रायडर हिने १९८४ च्या नाताळच्या दिवशी प्रयोगशाळेत जाऊन एक एक्स-रे फिल्म पाहिली आणि तीवर सहा-सहा अक्षरांच्या अंतराने पायऱ्या उमटलेल्या दिसल्या. कोणीतरी टोकाला नवी पट्टी जोडत होते. ते एक विकर होते. त्याला नाव मिळाले टेलोमरेज. ब्लॅकबर्न, ग्रायडर आणि जॅक शोस्टाक यांचेच ते २००९ चे नोबेल.

टेलोमरेजची गंमत अशी की तो आपला फर्मा स्वतःजवळ बाळगतो. त्याच्या आत आरएनएचा छोटा तुकडा असतो, त्यावर त्या सहा अक्षरांचा साचा. टोकाला फर्मा लावायचा, सहा अक्षरे शिवायची, पुढे सरकायचे, पुन्हा लावायचा. पुरुषाचे बीज आणि स्त्रीबीज ज्या पेशींतून तयार होते त्यांच्यात आणि गर्भात तो काम करतो, म्हणून बाळ नव्या काठानिशी जन्माला येते. रक्त बनवणाऱ्या मूळ पेशींतही थोडाफार असतो. बाकी शरीरात बहुतेक ठिकाणी त्याचे जनुक बंद करून ठेवलेले आहे.

बंद का? मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते, इथे थांबा आणि विचार करा. दुरुस्ती करणारा कारागीर घरात असताना त्याला कुलपात का ठेवले? कारण माणसाचे शरीर मोठे आणि आयुष्य लांब. कुठेतरी एखादी पेशी बिघडणारच. ती बिघडली तरी पन्नास-साठ विभाजनांनंतर तिचा काठ संपावा आणि तिने थांबावे, अशी ही तजवीज आहे. आपण ज्याला पेशीचे म्हातारपण म्हणतो त्यात झीज आहे, तसाच पहाराही आहे.

कॅन्सरची पेशी हे कुलूप तोडते. १९८९ साली ग्रेग मोरिन यांना माणसातला टेलोमरेज प्रथम सापडला तो कॅन्सरच्याच पेशींत. १९९४ मध्ये एका गटाने वेगवेगळ्या गाठींचे नमुने तपासले. १०१ गाठींपैकी ९० मध्ये टेलोमरेज जागा होता. शरीराच्या निरोगी ऊतींच्या ५० नमुन्यांपैकी एकातही नव्हता. त्यानंतरच्या अभ्यासांतूनही चित्र तेच राहिले, दहापैकी साडेआठ-नऊ कॅन्सर टेलोमरेजच्या जोरावर चालतात. उरलेले काही एक वेगळी चोरवाट काढतात. एका गुणसूत्राच्या काठावरून दुसऱ्याचा काठ उतरवून घेतात. कॅन्सरपुढे वाट बंद झाली असे सहसा होत नाही.

आता ज्या गोष्टीने मी स्वतः चकित झाले होते ती सांगते. आपल्याला वाटेल, टेलोमरेज जागा झाला म्हणजे कॅन्सरच्या पेशीचा काठ लांबलचक, नवाकोरा असेल. तसे नाही. बहुतेक गाठींत तो शेजारच्या निरोगी पेशींपेक्षाही आखूड असतो. कारण कुलूप तुटेपर्यंत ती पेशी बेसुमार दुभंगून काठ संपवत आणलेली असते. नंतर टेलोमरेज येतो तो फक्त रोजची झीज भरण्यापुरता. शिवाय काठावर बसलेली प्रथिने मोजपट्टीचे काम करतात. काठ लांब झाला की त्यावर प्रथिने जास्त बसतात आणि टेलोमरेजला जवळ येऊ देत नाहीत. आखूड झाला की प्रथिने कमी आणि वाट मोकळी. कॅन्सरच्या पेशीतही ही मोजणी बरीचशी चालूच असते. खाला ऐकून म्हणाल्या, “म्हणजे तीही जुन्याच कापडाची. रोज ठिगळ लावून दिवस काढते.” हो, अगदी असेच.

खालांच्या कॅन्सरमध्ये कुलूप कोणी तोडले हेही आज माहीत आहे. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर जवळजवळ नेहमी एचपीव्ही नावाच्या विषाणूच्या काही जातींमुळे होतो. हॅराल्ड त्सुर हाउझेन यांनी हा संबंध दाखवला, त्यांना २००८ चे नोबेल मिळाले. या विषाणूकडे दोन हत्यारे आहेत, ई६ आणि ई७ नावाची प्रथिने. काठ झिजल्यावर घंटा वाजवणारे दोन मोठे पहारेकरी पेशीत असतात; ई७ एकाला निकामी करते, ई६ दुसऱ्याला, पी५३ ला, नष्ट करून टाकते. घंटाच नाही, तेव्हा पेशी झिजलेल्या काठानिशी दुभंगत राहते. मग टोके उघडी पडतात, गुणसूत्रे एकमेकांना चिकटतात, तुटतात. बहुतेक पेशी या गोंधळात मरतात. एखादी वाचते, आणि वाचते ती टेलोमरेज जागा झाल्यामुळे. तोही ई६ जागा करू शकते, हे १९९६ साली सिद्ध झाले. एकाच विषाणूने पहारेकरी मारावा आणि कारागिराला कुलपातून सोडवावे, इतके कारस्थान निसर्गात क्वचित दिसते.

पण या कारस्थानाला वेळ लागतो. लागण झालेल्या बहुतेक स्त्रियांचे शरीर एक-दोन वर्षांत विषाणूला हुसकावून लावते. ज्यांच्यात तो टिकून राहतो त्यांच्यातही लागणीपासून कॅन्सरपर्यंत साधारणपणे दहा-वीस वर्षे जातात. मधल्या काळात गर्भपिशवीच्या तोंडावर बदललेल्या पेशींचा एक पट्टा असतो. तो दिसतो, आणि दिसला की दवाखान्यातच थोड्या वेळात जाळून किंवा गोठवून काढता येतो. खालांचे चौदा महिने वाया गेले असे मी सुरुवातीला लिहिले. खरे तर पंधरा-वीस वर्षे वाया गेली होती, आणि त्यांत त्यांची काही चूक नव्हती. तीस ते पासष्ट वयाच्या स्त्रियांची ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत व्हावी असे आज धोरण आहे. त्यांच्या तरुणपणी तपासणी नावाची गोष्ट असते हेच कोणी सांगितले नव्हते.

मरण नसलेल्या पेशींची सगळ्यात प्रसिद्ध कहाणीही याच रोगाची आहे. अमेरिकेत बाल्टिमोर शहरात हेन्रिएटा लॅक्स नावाची पाच मुलांची आई राहत होती, कृष्णवर्णीय, तंबाखूच्या शेतात राबलेल्या घरातली. १९५१ साली तिच्या गर्भपिशवीच्या तोंडाच्या गाठीतून काही पेशी काढून घेतल्या गेल्या. तिला न विचारता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एकतिसाव्या वर्षी ती वारली. पेशी मात्र प्रयोगशाळेत वाढत राहिल्या. आजही वाढत आहेत, तिच्या नावाच्या आद्याक्षरांवरून त्यांना हेला म्हणतात. त्यांच्यात एचपीव्ही १८ आहे, आणि मोरिन यांनी माणसातला टेलोमरेज शोधला तो याच पेशींत. आपल्या पुण्यातही त्या आहेत. विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे, तिथून देशभरच्या प्रयोगशाळांना अशा पेशी पुरवल्या जातात. नायट्रोजनच्या थंडीत गोठवलेल्या, मागणी आली की जाग्या केलेल्या. हेन्रिएटाच्या घरच्यांना कित्येक वर्षे याचा पत्ताच नव्हता. २०२३ साली एका मोठ्या कंपनीने त्यांच्याशी तडजोड केली.

खालांना मी ही गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी पेशींबद्दल काही विचारले नाही. “पाच मुलं होती? धाकटं केवढं होतं?” एवढेच विचारले. सगळ्यांत धाकटे तान्हेच होते.

दुसरी कहाणी जास्त जवळची, उस्मानाबाद जिल्ह्याची, म्हणजे आताच्या धाराशिवची. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर रुग्णालय, मुंबईचे टाटा आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून १९९९ पासून तिथल्या खेड्यांत एक मोठा अभ्यास केला. तीस ते एकोणसाठ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ स्त्रिया, गावांचे ५२ गट. काही गटांत एकदाच एचपीव्हीची चाचणी, काहींत पेशींची काच-तपासणी, काहींत सौम्य ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणे, आणि तुलनेसाठी एक गट ज्यात अशी तपासणी नव्हती. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, २००९ साली, निकाल प्रसिद्ध झाला. टेलोमरेजचे नोबेल जाहीर झाले ते हेच वर्ष. एचपीव्ही चाचणी झालेल्या ३४ हजारांवर स्त्रियांमध्ये या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले. तुलनेच्या गटात स्त्रिया थोड्या कमी, ३१ हजारांवर, आणि मृत्यू ६४. आयुष्यात एकदा केलेल्या चाचणीने मृत्यू जवळपास निम्मे. तुलनेच्या गटातल्या बायकांना तपासणीविना ठेवले यावर पुढे टीका झाली आणि मला ती गैर वाटत नाही. पण ज्या स्त्रिया शेतातली कामे टाकून त्या तपासणीला आल्या, त्यांच्यामुळे जगभरची धोरणे बदलली, हेही खरे. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयाने वेगळा अभ्यास केला. तिथे डॉक्टरही नाहीत, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका ॲसिटिक ॲसिडची तपासणी करीत; तरी मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. २०२२ च्या अंदाजानुसार भारतात वर्षाला या कॅन्सरचे सव्वा लाखावर नवे रुग्ण आणि सुमारे ८० हजार मृत्यू आहेत, हे आकडे यापुढे ठेवून पाहावेत.

आता आपल्या घरातल्या दोन समजुतींविषयी. पहिली, “आपल्यात हा रोग होत नाही.” खालांच्या नणंदेने हे दवाखान्याच्या बाकावर बसून, खालांच्या शेजारी बसून, मला सांगितले. याच्या मुळाशी काही खरे आहे. २००२ साली पाच देशांतल्या अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष प्रसिद्ध झाला. खतना न झालेल्या पुरुषांत १९.६ टक्के जणांत एचपीव्ही सापडला, खतना झालेल्यांत ५.५ टक्के. ५.५ म्हणजे शून्य नव्हे. अठरा पुरुषांमागे एक झाला की हो. कमी जोखमीवर विसंबून तपासणीच टाळली तर त्या कमीचा काय फायदा, हे मी त्यांना विचारले. त्या गप्प बसल्या, पटले म्हणून की मान राखून, कोण जाणे.

दुसरी समजूत बोलली जात नाही, फक्त डोळ्यांत दिसते. हा विषाणू पती-पत्नीच्या संबंधातून येतो, असे कळले की बाईच्या चारित्र्याकडे नाहीतर मयत नवऱ्याकडे बोट जाते. भगिनींनो, एचपीव्ही इतका सर्वत्र आहे की विवाहित आयुष्यात तो बहुतेकांच्या शरीरात कधी ना कधी येऊन जातो. वीस-तीस वर्षांपूर्वी आलेला विषाणू आज कोणाकडून आला हे कोणतीही प्रयोगशाळा सांगू शकत नाही, आणि ते शोधण्यात कोणाचे भलेही नाही. खालूंचे नाव या संदर्भात घरात कोणी काढू नये म्हणून मी आधी मामूंना बसवून समजावले, मगच खालांचा रिपोर्ट सगळ्यांना सांगितला.

मुलींसाठी लस आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची भारतीय लसही आली आहे. नऊ ते चौदा हे तिचे उत्तम वय. ती आलेला विषाणू घालवत नाही, येऊ देत नाही, म्हणून लवकर द्यायची. माझ्या मुलीला दिली आहे.

टेलोमरेज बंद करणारे औषध असेल तर मग कॅन्सर संपलाच की, असे तुमच्या मनात आले असेल. शास्त्रज्ञांच्याही आले. असे एक औषध, इमेटेलस्टॅट, टेलोमरेजच्या फर्म्यालाच जाऊन चिकटते. अमेरिकेत जून २०२४ मध्ये त्याला मान्यता मिळाली, पण रक्ताच्या एका विकारासाठी, ज्यात रुग्णाला वारंवार रक्त चढवावे लागते. घट्ट गाठींच्या कॅन्सरमध्ये त्याने अपेक्षेइतके काम केले नाही. अडचण समजण्यासारखी आहे. आज टेलोमरेज बंद केला तरी पेशीचा उरलेला काठ संपेपर्यंत ती दुभंगतच राहणार. तोवर रोगी थांबू शकत नाही. शिवाय रक्त बनवणाऱ्या पेशींनाही थोडा टेलोमरेज हवा असतो. काम चालू आहे.

याच्या उलट धंदा मात्र जोरात आहे. टेलोमिअर लांब करून तारुण्य टिकवणाऱ्या म्हणून कॅप्सूल विकल्या जातात, काठ मोजून ‘खरे वय’ सांगणाऱ्या महागड्या चाचण्याही. माझ्या एका सहकाऱ्याने चार हजारांची बाटली आणली होती. ज्या कारागिराला शरीराने एवढ्या काळजीने कुलपात ठेवले, त्याला बाजारातल्या गोळीने जागे करण्याचा शौक मला तरी समजत नाही. जन्मतःच काठ लांब असलेल्या माणसांमध्ये काही कॅन्सर जास्त आढळतात, असे संशोधन आता उपलब्ध आहे.

खालांचे उपचार संपून आता दीड वर्ष झाले. दर काही महिन्यांनी तपासणीला नाशिकला येतात; आतापर्यंत अल्हमदुलिल्लाह सगळे ठीक. रेडिएशनने त्या पेशींचा डीएनएच तोडला जातो, काठ कितीही शिवलेला असो, मधूनच तुटलेल्या कापडाचे काय करणार, हे त्यांनी स्वतःच मला सांगितले. सुरगाण्याला परत जाऊन पुन्हा मशीनवर बसल्या आहेत. थकवा आहे, पाय सुजतात, दुपारी झोपावे लागते.

ब्लाऊजचे माप घेताना बाई एकटी असते आणि दार लोटलेले असते. खाला तेव्हा विचारतात, अंगावरून काही जातं का, पाळी गेल्यावर पुन्हा आलं का, तपासणी केलीस का. स्वतःचे सगळे सांगतात, चौदा महिने लपवले तेही. पदर नीट करत बाई आधी हसते, मग बसते. गेल्या हिवाळ्यात खाला अकरा जणींना घेऊन सरकारी दवाखान्यात गेल्या. तिथे लेडी डॉक्टर कोणत्या दिवशी असते ते आशाताईकडून आधी विचारून ठेवले होते. आठ जणींची तपासणी झाली, एकीला पुढे नाशिकला पाठवले, तिचा तो बदललेला पट्टा वेळेत काढला गेला. तिघी दारातूनच परत फिरल्या.

त्या तिघींचे ब्लाऊज खालांनी अजून दिलेले नाहीत. हुक लावायचे राहिलेत, असे सांगतात.